भाऊबंदकीचा चहा

चहाचा पेला डोळ्यांच्या उंचीपर्यंत न्यायचा, टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाकडे एकदा नीट बघायचं आणि घसा साफ करून म्हणायचं, "भाऊबंदकी!" एवढं झाल्याशिवाय उस्तादांनी कधी चहा घेतला नाही. पेला उचलून काहीतरी शुभ बोलायची त्यांच्या सोव्हिएत मुलखातली रीत. कुवेतमध्ये दारूबंदी, त्यामुळे उचलायला हाताशी फक्त परबने उकळलेला आल्याचा चहा.

तुम्ही मराठी आहात, त्यामुळे तुम्हाला हसू आलं असेल. पहिल्या दिवशी मलाही ठसका लागला होता. पण शुऐब्याच्या आमच्या वर्कशॉपातल्या त्या टेबलावर मराठी आम्ही दोघंच, मी आणि फिटर परब. बाकीच्यांत एक लाहोरचा, एक सिल्हेटचा, दोन केरळचे. त्यांना तो शब्द भारदस्त वाटला आणि महिन्याभरात सगळं टेबल पेले उंचावून "भाऊबंदकी" म्हणू लागलं. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश एका सुरात भाऊबंदकी म्हणताहेत हे ऐकल्यावर दुरुस्ती सुचवायची माझी इच्छाच मेली. शब्द चुकलाय असं मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

दोष परबचा. मालवणजवळच्या त्याच्या गावी हद्दीवर एक फणसाचं झाड होतं, आणि त्या झाडावरून त्याचा चुलतभावांशी कोर्टात दावा चालू होता. गावाहून पत्र आलं की परब दिवसभर पाना फिरवता फिरवता "आमची भाऊबंदकी, आमची भाऊबंदकी" करत बसायचा. भाऊ म्हणजे काय हे उस्तादांना ठाऊक होतं. त्यांच्या भाषेत भावाला ‘ब्रात’ म्हणतात, आणि आपल्याकडे ‘भ्राता’ असाही शब्द आहे हे कळल्यापासून ते फारच खूश होते. त्यांच्याकडे जुन्या काळी ‘बंधुभाव’ हा शब्द कारखान्यांच्या भिंतींवर रंगवलेला असायचा. तेव्हा परब ज्याचा दिवसभर जप करतो ते बंधुभावाशिवाय दुसरं काय असणार, असा त्यांनी हिशेब बांधला.

"सायबानू, तेका सांगू नकात," परब मला बाजूला घेऊन म्हणाला. "किती बरा म्हणता तो." मी सांगितलं नाही.

उस्ताद हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. नाव भलतंच लांब होतं, त्यात वडिलांचंही नाव गुंतलेलं, आणि आमच्यातल्या कोणाची जीभ तिथवर पोचली नाही. आखाती युद्ध संपल्यावर तेलाच्या विहिरी पेटलेल्या होत्या तेव्हा त्या विझवायला आलेल्या एका सोव्हिएत तुकडीबरोबर ते कुवेतला आले. आले तेव्हा खिशात सोव्हिएत युनियनचा लाल पासपोर्ट होता. काही आठवड्यांतच तो देश मोडला. तुकडी परत गेली, पण आमच्या मालकाने कुठूनतरी दोन सोव्हिएत कॉम्प्रेसर आणून ठेवले होते आणि त्यांची भाषा कळणारा माणूस त्याला हवा होता, म्हणून उस्ताद राहिले.

मशीन तपासायची त्यांची पद्धत मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. हातभर लांब, लाकडी मुठीचा एक जुना स्क्रू-ड्रायव्हर ते सतत जवळ बाळगायचे. त्याचं टोक चालू मशीनला टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आम्ही सगळे गप्प उभे. मग डोळे उघडून सांगायचे की तिसरं बेअरिंग, अजून दोन महिने चालेल. ते तेवढंच चालायचं. ही विद्या त्यांना थोरल्या भावाने शिकवली होती. वडील लवकर गेले, तेव्हा सहा वर्षांनी मोठ्या भावाने त्यांना वाढवलं, स्वतःच्या कारखान्यात लावलं आणि तो स्क्रू-ड्रायव्हरही त्यानेच दिला. आमचे ते दोन कॉम्प्रेसर त्याच कारखान्याचे. जोडताना कदाचित थोरल्याचाच हात लागला असेल, असं म्हणून उस्ताद कधीकधी त्यांच्यावरून कपडा फिरवायचे.

आई आणि गावचं घर होतं युक्रेनच्या बाजूला, आणि थोरला जिथे नोकरी करत होता ते शहर रशियाच्या बाजूला. मध्ये चाळीस किलोमीटर अंतर आणि एक ओढा. लहानपणी त्या ओढ्यात दोघं मासे धरायचे. आता त्याच्या पुलावर चौकी बसली होती.

चार वर्षांनी लाल पासपोर्टची मुदत संपत आली. आमच्या कंपनीच्या कागदपत्रांची कामं करणारा मंदूब म्हणजे एक वयस्क कुवेती गृहस्थ होता. त्याने पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "बलद माफी." बलद म्हणजे देश आणि माफी म्हणजे नाही. आखातात दिवसातून पन्नासदा ऐकू येणारा हा शब्द, पण माझ्या मराठी कानाला त्या दिवशी वाटलं की कोणीतरी त्या देशाला मोठ्या मनाने माफ करून टाकलंय. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढवायचा तर नवा पासपोर्ट हवा आणि नव्या पासपोर्टसाठी एक देश निवडायला हवा, असं मंदूबने बजावलं.

उस्तादांनी आई आहे तो देश निवडला. थोरल्याला कळवायला म्हणून मिरकाबला एका दुकानातल्या फोनवर गेले, मी सोबत होतो. पाचेक मिनिटं आवाज चढत गेला, मग त्यांनी रिसीव्हर अगदी हळू खाली ठेवला, जणू तो फुटेल. थोरला म्हणाला होता, "तुझा देश दोन हिवाळे टिकणार नाही. मग येशील माझ्याच दारात. त्यापेक्षा आत्ताच ये." तो हे रागाने नाही, वडीलकीने बोलला, आणि तेच लागलं, असं उस्ताद गाडीत म्हणाले. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं.

ही हकिगत मी मंदूबला सांगितली तेव्हा तो बराच वेळ जपमाळ फिरवत राहिला. इराकने कुवेत ताब्यात घेतलं तेव्हा तो सातही महिने इथेच होता. "आम्हालाही आमच्या मोठ्या भावाने जिल्हा करून टाकलं होतं," एवढंच म्हणाला. पण उस्तादांच्या कागदांसाठी तो जितका उन्हातान्हात फिरला, तितका स्वतःच्या कामासाठीही फिरला नसता. उस्तादांनी त्याला चहाला बोलावून "भाऊबंदकी" केली. बिचाऱ्याने अरबीत काहीतरी आशीर्वाद दिला.

शब्दाचं बिंग फुटलं ते माझ्या सासऱ्यांमुळे. ते साताऱ्याकडे सरकारी मोजणी खात्यात होते. उभा जन्म भावाभावांच्या जमिनीत साखळ्या ओढण्यात गेलेला. निवृत्तीनंतर महिनाभर आमच्याकडे कुवेतला, मंगफच्या घरी आले. एका शुक्रवारी उस्ताद आणि परब जेवायला होते. जेवणानंतर चहा आला, उस्तादांनी पेला उचलला आणि घरातल्या सगळ्यांकडे प्रेमाने बघत आपला मंत्र म्हटला.

सासरे दचकले. "अहो, हे काय भलतंच? घरात आलेल्या माणसानं असं बोलू नये," असं ते मला म्हणाले, आणि मी सावरायच्या आत आपल्या इंग्रजीत त्यांनी उस्तादांना त्या शब्दाचा अर्थ सांगून टाकला. भाऊ, जमीन, भांडण, कोर्ट. माझी बायको बशी हातात धरून तशीच उभी राहिली. परब टाइलकडे बघू लागला. सात वर्षं आम्ही त्या माणसाला फसवत होतो, आणि मला त्या क्षणी खरोखर लाज वाटली.

उस्तादांनी पेला खाली ठेवला. मग सावकाश म्हणाले, "म्हणजे मी सात वर्षं बरोबरच बोलत होतो." आणि त्यांनी आपली सगळी कहाणी सासऱ्यांना सांगितली. ते मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या हिंदीत बोलायचे, मी मध्ये दुभाष्या.

सासऱ्यांना दुसरं काय हवं होतं? त्यांनी चष्मा लावला, पाठकोरा कागद घेतला आणि चौकशी सुरू केली. भाऊ किती? पंधरा, कारण सोव्हिएत युनियन मोडून तेवढे देश झाले होते. सासरे थोडे हबकले. विहीर कोणाच्या वाटणीला? उस्ताद म्हणाले, गॅस निघतो थोरल्याच्या जमिनीत, पण त्याची नळी धाकट्याच्या शेतातून पुढे गिऱ्हाइकांकडे जाते. "म्हणजे विहीर थोरल्याची आणि पाट धाकट्याच्या रानातून," सासऱ्यांनी कागदावर रेघ मारली. समुद्राकाठचं बंदर धाकट्याला मिळालं, पण थोरल्याची लढाऊ जहाजं अजून तिथेच उभी. "सामान ओटीवरच आहे म्हणा की." काही भावांनी वाटणी होताच कुंपण घालून दुसऱ्या आळीशी सोयरीक जोडली होती. काही अजून थोरल्याच्या ओट्यावर जाऊन बसत, कारण चूल पेटायची ती त्याच्या लाकडावर. आणि एकदोघांच्या घरात थोरल्याने पुतण्यांना फितवून मागची खोली वेगळी करून घेतली होती.

"मोजणी कोणी केली?" सासऱ्यांनी शेवटचं विचारलं.

मोजणी झालीच नव्हती. जुन्या नकाशावरच्या रेघा होत्या त्याच घाईघाईने पक्क्या करून सगळे घरी गेले होते. सासऱ्यांनी चष्मा काढला. मोजणी न करता पंधरा वाटण्या, हे त्यांच्या खात्याच्या दृष्टीने अक्षम्य होतं. पुढे कितीतरी दिवस ते जेवताना मध्येच थांबून मान हलवायचे. मला मात्र त्या कागदावरून सोव्हिएत युनियन जितकं कळलं तितकं वर्तमानपत्रांतून कधी कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या चहाला मी आणि परब मान खाली घालून बसलो. उस्तादांनी पेला उचलला, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "भाऊबंदकी." फक्त आवाज जरा खाली होता. मग त्यांनी परबला विचारलं की तुझे ते चुलतभाऊ मेले तर तू काय करशील? प्रश्न तसा आडवाच होता. परबने काहीच आढेवेढे न घेता सांगितलं की सुतक पाळीन. दहा दिवस दाढी नाही, देवाला हात लावायचा नाही, कोणाकडे जायचं नाही. आणि गावात असलो तर खांदाही मीच द्यायचा.

"बोलत नाही ना तुम्ही?" उस्तादांनी विचारलं.

परबने माझ्याकडे बघून सांगितलं, "सायबानू, तेका सांगा. बोलणा बंद झाला तरी सुतक सुटना नाय." आणि वर सांगितलं की ज्याचं सुतक आपल्याला लागतं तोच भाऊबंद, बाकीचे सगळे ओळखीचे. दूरदेशी असलो आणि दहा दिवस उलटून गेल्यावर बातमी कळली, तर तीन दिवस पाळायचं. मी ते हिंदीत उतरवून सांगितलं. उस्तादांनी ते दोनदा विचारून घेतलं, विशेषतः तीन दिवसांचं.

दोन वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात आमच्या एक नंबरच्या कॉम्प्रेसरमध्ये ठोका आला. एका लयीत, दर चौथ्या फेऱ्याला टक्. उस्तादांनी स्क्रू-ड्रायव्हर लावला, झडप म्हणाले. झडप बदलली, ठोका तसाच. दुसरी बदलली, तसाच. तिसऱ्या दिवशी ते मशीनपाशी उकिडवे बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा म्हातारपण पाहिलं. मालकाने इटलीहून माणूस बोलवायची भाषा सुरू केली होती. तो आला असता तर ती दोन्ही मशीनं भंगारात गेली असती आणि त्यांच्यामागे उस्ताद घरी.

हा आवाज ओळखणारा एकच माणूस आहे, ते म्हणाले. कोण, हे आम्हाला विचारावं लागलं नाही. मी खिशातून मोबाइल काढून पुढे केला. त्यांनी मान हलवली. सहा वर्षांनी फोन करायचा आणि तोही अडलं म्हणून, हे त्यांना जमणारं नव्हतं. तुझा देश दोन हिवाळे टिकणार नाही, असं म्हणणाऱ्याच्या दारात हे जाणंच झालं की.

तेव्हा परब बोलला, "उस्ताद, तुम बात मत करो. मशीन बात करेगा."

नंबर त्यांना पाठ होता. पलीकडे कोणीतरी उचलला, आणि उस्तादांनी एक अक्षर न बोलता मोबाइल स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीला टेकवला. टक्. चार फेरे. टक्. मी घड्याळाकडे बघत होतो, दोन मिनिटं झाली तरी पलीकडच्याने फोन ठेवला नाही. मग त्यांनी मोबाइल कानाला लावला. बोलणं झालं ते जेमतेम अर्धा मिनिट. उस्ताद फक्त हं म्हणत होते. फोन बंद केल्यावर त्यांनी तोंड पुसलं, घाम होता की काय ते मी बघितलं नाही.

"झडप नाही," ते म्हणाले. "फाउंडेशनचा बोल्ट, मागचा डावा. या मॉडेलला पहिल्यापासून खोड आहे." परब तोवर पाना घेऊन पोचलासुद्धा होता. बोल्ट अर्धा फेरा आवळला आणि ठोका गेला.

आणखी काय म्हणाला, मी विचारलं. उस्ताद जरा लाजले. लहानपणी त्या ओढ्यातला बर्फ फुटून ते पाण्यात पडले होते, तेव्हापासून त्यांचा उजवा कान अधू होता. थोरल्याने त्यांना खांद्यावर घेऊन दवाखाना गाठला होता. पुढे विद्या शिकवताना तो रोज ओरडायचा की डाव्या कानाने ऐक, आणि हे हट्टाने उजवाच लावायचे. धाकट्यांना कुठेतरी ऐकायचं नसतंच. आज फोन कानाला लावल्यावर थोरल्याचं पहिलं वाक्य होतं, "गाढवा, अजून उजव्याच कानाने ऐकतोस ना?"

त्यानंतर दर महिन्याला फोन होऊ लागला. दोघं फक्त मशीनबद्दल बोलायचे. देशाचा विषय नाही, पासपोर्टचा नाही. एकदाच अपवाद झाला. एका हिवाळ्यात दामावरून भांडण होऊन थोरल्या देशाने धाकट्याच्या गॅसची चावी बंद केली. टीव्हीवर दिवसभर त्याच बातम्या. "तुझ्या सासऱ्यांना सांग, विहिरीला कुलूप लागलं," उस्ताद मला म्हणाले. त्या दिवशी थोरल्याचा स्वतःहून फोन आला. त्याने एवढंच विचारलं की आईच्या खोलीत ऊब आहे ना. आहे, लाकडं भरून ठेवलीत, उस्ताद म्हणाले. मग दोघं पुन्हा बेअरिंगकडे वळले.

पुढच्या वर्षी एका सकाळी उस्ताद दाढी न करता कामावर आले. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं; एरवी त्यांची हनुवटी बशीसारखी चकचकीत असायची. दहाच्या चहाला ते टेबलावर आले नाहीत, कोपऱ्यातल्या स्टुलावर एकटे बसले. लाहोरवाल्याने हाक मारली, त्यांनी नुसता हात हलवला. परबने ते पाहिलं आणि काही न विचारता त्यांचा पेला वेगळा भरून स्टुलाजवळ जमिनीवर ठेवला.

"थोरलो गेलो," तो परत येऊन मला हळूच म्हणाला.

भावजयीचं पत्र आधी आईच्या गावी गेलं होतं आणि तिथून इथे. थोरल्याला जाऊन तीन आठवडे झाले होते. मी थोरल्याच्या घरी जायची व्यवस्था करतो म्हणालो. उस्ताद म्हणाले, आता तिथे कोणासाठी जाऊ, माती पडून गेली. माझ्याकडे तीन दिवस आहेत. मला आधी कळलंच नाही की ते कशाबद्दल बोलताहेत.

त्यांनी तीन दिवस पाळले. ना आपला धर्म ना आपली भाषा, पण त्या युक्रेनी माणसाने शुऐब्याच्या वर्कशॉपात, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, रशियन भावाचं सुतक धरलं. त्या तीन दिवसांत टेबलावर कोणी "भाऊबंदकी" म्हटलं नाही. चहा मुकाट्याने प्यायलो, आणि मी सांगतो, तसा बेचव चहा मी आयुष्यात घेतलेला नाही.

चौथ्या दिवशी ते गुळगुळीत दाढी करून आले. टेबलावर बसले नाहीत, आधी एक नंबरकडे गेले. कॉम्प्रेसर ठीक चालला होता, तपासायचं काही नव्हतं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवलं आणि मूठ सवयीने उजव्या कानाकडे नेली. मग मध्येच थांबले. हात बदलला, मूठ डाव्या कानाला लावली आणि डोळे मिटले.

वर्षभराने ते आईकडे कायमचे परत गेले. जाताना तो स्क्रू-ड्रायव्हर परबला दिला. पण मला ते आठवतात ते त्या सकाळचे. मी आणि परब पेले हातात धरून उभे होतो, चहा निवत होता, आणि उस्ताद डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत होते.